दिलेरवरचा मरोड

३ सप्टेंबर २००२, फैसलाबाद

दिलेरवर मरोड आहे.

लिहून पाहिलं. तरी खरं वाटत नाही.

सकाळी बुरेवाल्याला पोचलो. मी, प्रयोगशाळेतली इफ्फत नि ड्रायव्हर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस कमरेएवढा, हिरवागार. म्हटलं, अफवाच असणार. मग कालव्यापलीकडच्या शेतात शिरलो. पानांच्या कडा वर वळलेल्या, वाटीसारख्या. शिरा दोऱ्यासारख्या जाड. पान उलटं केलं, तर पाठीवर शिरेतून दुसरं इवलंसं पान फुटलेलं. पानं मुरडणारा हा रोग शिकत असताना पाहिला होता. तेव्हा मुलतानपासून सगळा पट्टा असाच गुंडाळला गेला होता. नंतर दिलेर हे वाण आलं आणि मरोड गेला तो गेलाच. निदान आम्ही पुस्तकांत तसं लिहिलं!

शेतकरी म्हणाला, "बीबी, दिलेरला हा रोग होत नाही. चौधरी करामतसाहेबांनी याच बांधावर उभं राहून सांगितलंय."

इफ्फतने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीत पानं भरत राहिले. दिलेर घडवणारे ते चौधरीसाहेब म्हणजे माझे सासरे, आमचे अब्बाजी, हे मी त्याला सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

घरी आले तर अब्बाजी अंगणात. "कुठे गेली होतीस ऊन खायला?"

"बुरेवाल्याला."

"दिलेर कसं आहे?" सासरी दिलेल्या लेकीची खुशाली विचारावी तसं!

"उंच झालंय," म्हणाले मी.

खोटं नाही. पण...

५ सप्टेंबर

सांगितलं. सांगावंच लागलं. इफ्फतचा फोन आला, तो माझ्याआधी त्यांनीच उचलला.

रागावले नाहीत. पानं मागितली. चष्मा कपाळावर सारून एकेक पान उजेडाकडे धरलं. मग म्हणाले, "मरोड आहे. पण हे दिलेर नाही. बियांत भेसळ आहे."

"अब्बाजी, बोंड दिलेरचं, खोड दिलेरचं..."

"तू विषाणूची डॉक्टर. झाडाचं मला सांगू नकोस, बेटा."

अम्मीजी आतून ओरडल्या, "अहो, मुलगे तीन, पण लाडका चौथा! मोहसिनला गोवर आला तेव्हाही असा उजेडाकडे धरून नव्हता पाहिला त्याला!"

आम्ही दोघंही हसलो. मग मी हसायची थांबले. ते थांबले नाहीत, बराच वेळ.

९ सप्टेंबर

पट्टी नाही!

विषाणू असला की चाचणीत त्याची पट्टी उमटते. दोनदा चाचणी केली. तिसऱ्यांदा इफ्फतने केली, म्हणे तुझ्या हाताला आज नाट लागलीय. तरी नाही. बुरेवाल्याच्या पानांत जुना विषाणू सापडतच नाही. मग मरोड कुठून?

आणि त्याच पानांत उपग्रह सापडतो! ठसठशीत पट्टी, हव्या त्या जागी. हे कसं शक्य आहे?

इफ्फत म्हणाली, "वऱ्हाड दारात, नवरदेव गायब. डॉक्टर सिब्तैनना काय सांगणार?"

डॉक्टर सिब्तैन आमचे प्रमुख. त्यांना जे समजत नाही ते त्यांच्या मते आमच्या हातून खराब झालेलं असतं. "पुन्हा करा," म्हणाले. बाकी काही नाही.

१० सप्टेंबर

अम्मीजी भेंड्या चिरत होत्या. "उपग्रह म्हणजे तो आकाशातला का गं?"

म्हटलं, नाही. पांढरी माशी पानाचा रस पिते, तिच्यातून विषाणू झाडात शिरतो. पण कापसात त्याला एकट्याला पान मुरडता येत नाही. त्याच्याबरोबर डीएनएचं एक छोटं वेटोळं असतं, तो उपग्रह. त्याला स्वतःच्या बळावर जगता येत नाही. विषाणूच्या ताटात जेवतो, विषाणूच्या पाठकुळी बसून झाडभर फिरतो. आणि पान मुरडतो मात्र तोच.

"म्हणजे घरजावई," अम्मीजी म्हणाल्या.

"तसंच. फक्त घरजावयाशिवाय सासऱ्याचंही काही चालत नाही."

"मग सासरा नसताना हा राहतो कसा?"

तेच तर! तेच तर कळत नाही, अम्मीजी!

१४ सप्टेंबर

अब्बाजी आज संस्थेत आले. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा. पहारेकऱ्याने उठून सलाम केला. खिशात कागदाची पुडी, त्यांच्या घरच्या डब्यातलं, स्वतःच्या हाताने जपलेलं अस्सल दिलेरचं बी.

"हे जाळीघरात लाव," म्हणाले. "माशी शिरता कामा नये. रोपं मोठी झाली की बुरेवाल्याच्या रोगी झाडाचं कलम यांच्यावर बांधू. मुरडलं, तर दिलेर हरलं. नाही मुरडलं, तर भेसळ."

सरळ नि स्वच्छ प्रयोग. मी सुचवणार होते, धीर झाला नव्हता.

कुंड्या त्यांनीच भरल्या. गुडघे दुखतात, तरी खाली बसून. मला हातही लावू दिला नाही.

२ ऑक्टोबर

पुन्हा पट्टी नाही. नमुने परदेशी पाठवायचं ठरलं. तिथे डीएनएचं अक्षर न् अक्षर वाचून देतील. तोवर वाट पाहायची.

८ ऑक्टोबर

कलमं बांधली. अब्बाजींचे हात थरथरतात. चहाचा कप धरता येत नाही. पण पातं हातात आलं आणि थरथर गेली! रोगी फांदी तिरकी कापली, रोपाच्या खोडाला खाच पाडली, दोन्ही जोडून पट्टी गुंडाळली. "डॉक्टरीण, श्वास सोड," म्हणाले.

इफ्फत हळूच म्हणाली, "तुला काय व्हायला हवंय गं?"

मरोड आला तर माझं डोकं ठिकाणावर आहे. नाही आला तर माझं घर.

१९ ऑक्टोबर

लाहोरहून फोन. अब्बाजींचा सरकारी सत्कार! फेब्रुवारीत. कापूस वाचवल्याबद्दल. मोहसिन सरगोध्याहून लगेच निघून आला, मिठाई घेऊन. (कालव्यांच्या खात्यात नवऱ्याला सुट्टी मिळते, हे मला आजच कळलं.) अम्मीजींनी फिरनी केली. अब्बाजी म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे," आणि दोन वाट्या खाल्ल्या.

रात्री जेवताना मोहसिन मला हळूच म्हणाला, "ते तुझं बुरेवाल्याचं... सध्या घोळ चालूच आहे ना?"

"चालूच आहे."

"मग चालू दे."

२८ ऑक्टोबर

शेंडे गायब!

कलम केलेल्या रोपांपैकी तीन रोपांचे कोवळे शेंडे तुटलेले. परवा मला तिथे शिरा किंचित जाड वाटल्या होत्या. वाटल्या होत्या, खात्री नव्हती. आज नीट बघणार होते. आज शेंडेच नाहीत.

इफ्फत म्हणाली, "उंदीर?"

तुटलेली जागा पाहिली. स्वच्छ. नखाने खुडल्यासारखी.

"फारच टापटिपीचा उंदीर आहे मग," ती म्हणाली.

३० ऑक्टोबर

आणखी दोन.

पहारेकऱ्याला विचारलं. जाळीघरात कोण येतं? म्हणाला, "तुम्ही दोघी, बीबी. आणि चौधरीसाहेब. ते रोज दुपारी पाणी घालायला येतात."

रोज? मला तर सांगतात, मशिदीत जातो.

१ नोव्हेंबर

जेवताना त्यांच्या अंगठ्याकडे लक्ष गेलं. नखात हिरवं.

मी डाळ वाढली. ते म्हणाले, "पुरे बेटा."

काय विचारायचं? या माणसाने मला लग्नाआधी विचारलं होतं, "मुलगा आवडला नाही तरी चालेल. प्रयोगशाळा सोडणार नाहीस ना?" वाण जाहीर करण्याआधी ज्याने दोन हंगाम जास्त घेतले, कारण एका शेतात एक झाड शंकास्पद दिसलं होतं. तो माणूस चोरून शेंडे खुडतो?

की मीच मनाने रचतेय? नखात हिरवं काय, मेथी निवडूनही येतं.

पण ते मेथी कधी निवडतात!

३ नोव्हेंबर

मोहसिनला सांगितलं. वाटलं होतं चिडेल. तो एवढंच म्हणाला, "अब्बूंनी आयुष्यात एक गोष्ट लपवली असेल, तर लपवू दे की. एक हंगाम थांबलं तर काय बिघडतं?"

"मेमध्ये पेरणी आहे. सगळा पट्टा पुन्हा दिलेरच पेरेल."

"तुझी खात्री आहे का मरोडच आहे म्हणून? तुझी ती पट्टी तरी आलीय का?"

नाही आली. तो चुकीचं बोलत नाही, हीच अडचण आहे.

७ नोव्हेंबर

पहिला रोजा. डोकं दुखतंय. काही सुचत नाही.

१५ नोव्हेंबर

काय लिहू! आधी काय लिहू!

दुपारी अम्मीजी कपाटं उपसत होत्या. "माझ्या मच्छरदाण्या कुणी नेल्या? लेकीच्या रुखवताच्या ठेवल्या होत्या, चांगल्या जाळीच्या!" नोकराणीवर ओरडून झालं, माझ्यावर संशय घेऊन झाला. इफ्तारीची भजी तळायची म्हणून मी वर गच्चीवर कधीची पडून असलेली चाळण आणायला गेले. त्या गच्चीवर सहसा कुणी जात नाही. जिना मोडकळीला आलाय.

टाकीच्या मागे मच्छरदाण्या. चारी बाजूंनी विटांनी दाबलेल्या. आत कुंड्याच कुंड्या, त्यांत कापूस. उंच, बुटका, लाल खोडाचा, केसाळ पानाचा. त्यांच्या साऱ्या जन्माचा कापूस, दिलेरच्या आधीची, टाकून दिलेली वाणं. प्रत्येक खोडाला कलमाची पट्टी.

आणि अब्बाजी आत, पाय पसरून बसलेले. रोज्याने ओठ सुकलेले.

"ये," म्हणाले. "जाळी नीट लाव मागे."

मी आत गेले. माझ्या तोंडून निघून गेलं, "शेंडे तुम्ही तोडलेत."

"हो."

"मला वाटलं लपवायला."

"लपवायलाच तोडले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पहिल्यांदा शिर जाड दिसली तेव्हा खुडला आणि खिशात टाकला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एक शेंडा हातात राहिला. फेकवेना. फेकून काय करणार होतो? म्हटलं, बघू तरी, माझ्या बाकीच्या पोरांपैकी कुणी टिकतं का याच्यासमोर."

"पण अब्बाजी, ही रोपं तर शेंड्यांआधीची आहेत. सप्टेंबरची."

"हो. तुझ्या कुंड्या भरल्या त्याच आठवड्यात लावली."

म्हणजे भेसळ म्हणत होते तेव्हाच...? मी विचारलं. ते म्हणाले, "तोंडाने भेसळ म्हणत होतो. हाताला माहीत होतं."

मी एकेक कुंडी पाहिली. उलटं करून, पानाची पाठ. मुरडलेलं. मुरडलेलं. काहींवर पाठीला ती इवलीशी पानंसुद्धा फुटलेली. शेवटच्या ओळीत एक बरं वाटलं. उजेडात धरलं, तर शिरा फुगू लागल्या होत्या.

"एकही नाही?" मी विचारलं.

"अजून तरी नाही."

खालून अम्मीजींची हाक आली. खाली येऊन अब्बाजींनी खजूर तोंडात टाकला. मी पाण्याचा पेला धरला.

अम्मीजींना मच्छरदाण्यांचं अजून सांगितलेलं नाही. कुणीच.

१६ नोव्हेंबर

मला राग यायला हवा की नको? काल रडू आलं होतं, आज राग येतोय. प्रयोग माझा होता! त्यांनी माझा प्रयोग मोडला आणि वर स्वतःचा चालवला. आणि मी मात्र त्यांचीच काळजी करतेय.

६ डिसेंबर

ईद. अब्बाजींनी सगळ्यांना ईदी दिली. मला देताना म्हणाले, "परदेशातून काही आलं?"

"नाही."

"आलं की आधी मला."

२० जानेवारी २००३

आलं!

सगळा दिवस तेच वाचतेय. समजतंय आणि समजतही नाही.

विषाणू आहे. पण जुना नव्हे. जुन्या दोन विषाणूंचे तुकडे जोडून झालेला तिसराच. आम्ही ज्या खुणेवरून शोधत होतो ती खूण नेमकी त्या कापून गेलेल्या भागात होती. म्हणून पट्टी नाही! नवरदेव मांडवातच होता, आम्ही जुना फोटो घेऊन शोधत होतो.

उपग्रहसुद्धा बदललेला. बहुतेक जुनाच, पण मध्ये एक ठिगळ टोमॅटोवरच्या उपग्रहाचं. कुठल्या तरी बांधावर एकाच झाडात या सगळ्यांची गाठ पडली असणार. कधी, कुठे, कुणाला माहीत.

इफ्फत म्हणाली, "विषाणू कसला, गोधडी आहे ही."

पण खरा गोंधळ पुढेच आहे. या नव्या विषाणूचा एक जनुक जवळजवळ तुटून गेलाय. अर्धवट, निकामी. नेहमी झाडाशी भांडायला लागतो तो. म्हणजे हत्यार टाकून दिलं आणि जिंकला? असं कसं? की दिलेर त्या हत्यारालाच ओळखत होतं? पहाऱ्यावर उभं होतं एका चेहऱ्यासाठी आणि तो चेहराच बदलला? असेल. नसेल. आज तरी कुणीच सांगू शकत नाही.

संध्याकाळी अब्बाजींना सगळं सांगितलं. कागदावर दोन वर्तुळं काढली, एक मोठं, एक त्याच्या निम्मं. ते धाकट्या वर्तुळाकडे कितीतरी वेळ बघत होते.

"एवढंसं?"

"एवढंसंच."

"आणि याला पोट भरायलाही दुसरा लागतो."

"हो."

"कमाल आहे," म्हणाले. रागाने नाही. कुस्तीत दुसऱ्याचा डाव आवडावा तसं. मग कागदाची घडी घालून मला परत दिली. "कुणाला बोलू नकोस अजून."

"अब्बाजी, बी बाजारात यायला लागेल."

"फेब्रुवारी संपेपर्यंत थांब. मी सांगतोय म्हणून."

फेब्रुवारी संपेपर्यंत. म्हणजे सत्कार होईपर्यंत!

२१ जानेवारी

मी त्यांना ओळखते, की ओळखत नाही?

गच्चीवर बसून सगळं कबूल करणारा माणूस खरा, की गळ्यात हार पडेपर्यंत थांब म्हणणारा? दोन्ही एकच आहेत हे डोक्यात बसत नाही. मोहसिन खूश आहे. "बघ, अब्बूही तेच म्हणाले." त्याला आनंद झाला तेव्हा मला तो पहिल्यांदा परका वाटला. मग वाटलं, बापाला एकदा टाळ्या मिळाव्यात एवढंच तर म्हणतोय बिचारा.

३ फेब्रुवारी

बाजारात दिलेरच्या पोत्यांवर अब्बाजींचा फोटो छापलाय यंदा. सत्काराची बातमी लागली म्हणून. हसरा, तरुणपणचा.

अम्मीजींनी एक रिकामं पोतं मागून आणलंय. भिंतीला लावणार म्हणतात.

१७ फेब्रुवारी

दिला अहवाल. सरळ लिहिलं, दिलेर टिकत नाही, यंदा पेरू नये. डॉक्टर सिब्तैनच्या टेबलावर ठेवला. अब्बाजींना न सांगता.

त्यांनी वाचला. शेवटपर्यंत वाचला, हेही नवलच. मग म्हणाले, "काम चोख आहे, नुजहत." आणि टेबलाचा खण उघडून आत सरकवला. "एप्रिलमध्ये बघू. सव्वीस तारखेला मंत्री आहेत, तुझे सासरे आहेत, संस्थेचं नाव आहे. आता कसं बोलणार?"

"एप्रिलमध्ये बी विकून झालेलं असेल, सर."

"म्हणूनच तर म्हणतो, घाई कसली!"

कळलं नाही. अजून कळलेलं नाही. हे वाक्य त्यांना स्वतःला तरी कळलं का?

२३ फेब्रुवारी

अब्बाजींच्या नजरेला नजर देता येत नाही. त्यांना वाटत असेल मी थांबले आहे. मी थांबले नाही, आणि तरी काहीच झालं नाही. म्हणजे त्यांच्याशीही खोटी ठरले आणि शेतकऱ्यांच्याही उपयोगी पडले नाही. इफ्फत म्हणते, वर्तमानपत्रात जा. मोहसिनच्या बापाचं नाव घेऊन? सून म्हणून? सव्वीस तारखेनंतर जाईन. की आधीच जावं?

आज ते गच्चीवरून खाली उतरताना म्हणाले, "सगळी गेली." कुंड्यांबद्दल.

२५ फेब्रुवारी

उद्या लाहोर. अम्मीजींनी शेरवानीला इस्त्री केली, मग मनासारखी झाली नाही म्हणून पुन्हा केली. अब्बाजी म्हणाले, "मी सकाळच्या बसने पुढे होतो, जुन्या मित्रांना भेटायचंय. शेरवानी तुम्ही आणा."

अम्मीजी म्हणाल्या, "या वयात कसले मित्र! गाडीतून चला की!"

"गाडीत तू बोलतेस," म्हणाले.

२६ फेब्रुवारी, लाहोर

मंत्री येऊन गेले. नाव पुकारलं. दोनदा पुकारलं. खुर्ची रिकामी. अम्मीजींच्या मांडीवर शेरवानी तशीच. डॉक्टर सिब्तैन माझ्याकडे बघत होते, जणू मीच लपवलंय त्यांना! मोहसिन इस्पितळांना फोन लावत सुटला.

मग त्याचाच फोन वाजला. त्याने ऐकलं आणि माझ्या हातात दिला.

"बुरेवाल्याहून बोलतोय," अब्बाजी. मागे गलका. "आज इथे बियाण्याचा बाजार असतो. सगळे एका जागी भेटतात. गच्चीवरची फांदी घेऊन आलो होतो. पोत्यावर चढलो आणि दाखवली. म्हटलं, हा फोटोतला मीच, हे माझं दिलेर, पेरू नका."

"लोक काय म्हणाले?"

"आधी फांदी हातोहात फिरली. मग एकाने विचारलं, चौधरी, सकाळपासून काही खाल्लंय का?"

"मग?"

"मग काय, जेवतोय. ठेव आता, रोटी गार होतेय."